दिवाळीचं देणंघेणं, कमी कचऱ्यात: पहिल्यांदाच करून पाहणाऱ्या घरांसाठी

तीन वर्षांपूर्वीची भाऊबीज. पाहुणे गेले, पाट उचलले आणि मी कचऱ्याच्या पिशव्या दाराशी नेऊन ठेवत होते. त्यातला मिठाईचा एक डबा हाताला जड लागला, म्हणून तो परत आत आणला आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. अर्धा किलो काजूकतलीचा डबा. रिकामाच २८० ग्रॅम भरला. मग मी तो सोडवत बसले. सोनेरी दोरीचा बंद, लोहचुंबक बसवलेलं झाकण, झाकणावर चिकटवलेल्या टिकल्या, आत सॅटिनचं कापड, कापडाखाली फोमची चकती, तिच्याखाली कप्प्यांचा प्लास्टिकचा ट्रे आणि तळाला पुठ्ठा. पुठ्ठा तरी रद्दीत जाईल म्हणून वेगळा ठेवला. त्यावर चकचकीत कागद असा चिकटवलेला होता की दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्या काकांनी तोही बाजूला काढला.

त्या रात्री असे नऊ डबे होते. शिवाय जरीच्या कागदाचे बोळे, फुग्यांच्या दोऱ्या, आणि दोन भेटी अशा की ज्यांना मिळाल्या त्यांनी त्या आमच्याकडेच ‘विसरून’ ठेवल्या.

आमच्याकडे दिवाळीला सतरा माणसं जमतात: अकरा मोठी, सहा मुलं. मी या घरची सून. त्यानंतरच्या दिवाळ्यांत आम्ही एकेक गोष्ट बदलत गेलो आणि गेल्या वर्षी भाऊबीजेच्या रात्री दाराशी एकच पिशवी होती, तीही बहुतेक पणत्यांच्या वाती, फुलं आणि केळीच्या पानांची. हे ज्यांना यंदा पहिल्यांदा करून पाहायचंय त्यांच्यासाठी क्रमाने लिहिते आहे. एकाच वर्षात सगळं जमवायचा अट्टहास करू नका. पहिल्या वर्षी दोन पायऱ्या नीट झाल्या तरी पिशवी निम्मी होते.

पितृपक्षात माळा खाली काढा

या पंधरवड्यात नवी खरेदी बहुतेक घरांत होतच नाही. मोजदादीला हाच काळ चांगला. माळ्यावरचं आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातलं न उघडलेलं सगळं खाली काढा आणि जमिनीवर मांडा. आमच्याकडे निघालं ते सांगते: चादरींचे चार संच, कपबश्यांचे तीन, भिंतीवरची दोन घड्याळं, काचेचे पाणी प्यायचे पेले दोन डझन, तेवीस ब्लाउजपीस आणि शाली पाच.

या ढिगाचे तीन भाग करा. आपल्याला खरोखर लागणारं आजच वापरात काढा. चांगली चादर ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून दहा वर्षं घडीवर पिवळी पडते, तीही नासाडीच. दुसरा भाग: कोणाला तरी नक्की लागेल आणि ते ‘कोणाला’ आपल्याला नावानिशी माहीत आहे अशा वस्तू. तिसरा भाग उरलेला. गूंजसारख्या संस्था वापरण्याजोगे कपडे, भांडी, खेळणी घेतात. गावातलं वसतिगृह, अंगणवाडी, वृद्धाश्रम यांना आधी फोन करून काय हवं ते विचारा. बोहारीण अजून तुमच्या भागात येत असेल तर जुन्या साड्यांवर भांडं घ्यायचा जुना मार्ग आहेच. फक्त फाटकं, डाग पडलेलं, मोडकं दान म्हणून पाठवू नका. ते तिकडच्या माणसाला निवडून फेकावं लागतं, म्हणजे कचरा आपल्या दारातून त्याच्या दारात गेला एवढंच.

ब्लाउजपीस मात्र एकही देऊ नका, बाजूला ठेवा. ते पुढे कामाला येणार आहेत.

मोठ्यांशी आधी बोला, एकेकट्याने

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिल्या वर्षी माझं चुकलं ते इथेच. मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं, “या दिवाळीपासून भेटवस्तू बंद, पर्यावरणासाठी.” तरुण मंडळींनी अंगठे दाखवले. मोठ्यांपैकी कोणी काही बोललं नाही. आणि भाऊबीजेला आमच्या आत्या नेहमीपेक्षा दुप्पट पिशव्या घेऊन आल्या. मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, “अगं, मी काय तुमच्याकडे मागायला येते का? पण वर्षातून एकदा माहेरचं काहीतरी हातात पडतं. ते तू फोनवर बंद करून टाकलंस.”

त्या अगदी बरोबर होत्या. आपल्याकडे साडी ही नुसती साडी नसते. माहेरवाशिणीला दिलेली साडी म्हणजे ‘हे घर अजून तुझं आहे’ हे सांगणं असतं. जावयाचा पहिला दिवाळसण, पाडव्याला बायकोला दिलेली ओवाळणी, बहिणीच्या तबकात भावाने घातलेलं पाकीट, या प्रत्येकामागे एक नातं उभं आहे. कचरा कमी करायला निघालेल्या माणसाने या नात्यांना हात लावला की घर ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

म्हणून नवरात्राच्या आसपास, घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईकडे किंवा ज्यांच्या शब्दाला मान आहे त्यांच्याकडे, स्वतः जाऊन बसा. चहा घ्या. ‘बंद’ हा शब्द तोंडातून काढू नका. मी दुसऱ्या वर्षी आत्यांना एवढंच विचारलं, “आत्या, गेल्या पाच वर्षांत दिवाळीत मिळालेल्यांपैकी तुम्ही रोज वापरता असं काय आहे?” त्यांनी बराच वेळ विचार केला. दोन वस्तू सांगितल्या: एक हलकी गरम शाल आणि एक छोटी किसणी. “बाकीचं?” “बाकीचं कपाटात आहे गं. कोणाचं मन कसं मोडायचं.” मग त्यांनीच मला त्यांचं कपाट दाखवलं. पुढचं बोलणं सोपं झालं, कारण आता तो प्रश्न त्यांचाही होता.

ग्रुपवर प्रस्ताव आत्यांनीच मांडला. लेखी नाही, आवाज रेकॉर्ड करून: “यंदा प्रत्येकाला एकच वस्तू, पण लागेल ती. आणि मला साडी हवीच आहे, ती दादाने द्यायची.” तुमच्या घरातही असा एखादा अपवाद असेल. तो आधीच मान्य करून टाका. एका साडीने काही बिघडत नाही, आणि त्या साडीमुळे बाकीची दहा माणसं ऐकतात.

कोजागिरीला चिठ्ठ्या

कोजागिरीपासून भाऊबीज साधारण १७ दिवसांवर असते. खरेदीला पुरेसा वेळ आणि विसरायला कमी. मंडळी आटवलेल्या दुधाला जमतातच. त्याच रात्री चिठ्ठ्या काढा.

आधी हिशेब मांडून दाखवा, त्याने लोक पटकन वळतात. अकरा मोठ्या माणसांनी प्रत्येकाने बाकीच्या दहांना द्यायचं ठरवलं तर ११० भेटी होतात. प्रत्यक्षात कोणी इतक्या देत नाही, जोडप्यांच्या मिळून एक असं धरून आमच्याकडे चाळिसाच्या आसपास व्हायच्या. चिठ्ठ्या काढल्यावर झाल्या अकरा.

करायचं असं. अकरा सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या, नाव आतल्या बाजूला, घडी एकसारखी, एका पातेल्यात. प्रत्येकाने एक उचलायची आणि उघडून फक्त स्वतः वाचायची. स्वतःचंच नाव निघालं किंवा नवरा-बायकोचं एकमेकांना निघालं तर सगळ्यांनी चिठ्ठ्या परत टाकून पहिल्यापासून. एकट्याने बदलून घेऊ नका, गुपित फुटतं. जो गावाला किंवा परदेशात आहे त्याच्यासाठी एखाद्या मुलाने चिठ्ठी उचलायची आणि फोटो थेट त्यालाच पाठवायचा. खर्चाची वरची मर्यादा त्याच बैठकीत ठरवा आणि ती घरातल्या सगळ्यात कमी मिळकत असलेल्या माणसाला सहज झेपेल अशी ठेवा. ती रक्कम ठरवताना मोठ्या पगाराच्या माणसांनी गप्प बसावं, असं मला वाटतं. आमच्याकडे पहिल्या वर्षी हजार ठरले.

भाऊबीजेची ओवाळणी आणि पाडव्याची ओवाळणी या चिठ्ठ्यांच्या बाहेर ठेवा. ती भावा-बहिणीची आणि नवरा-बायकोची आपापली गोष्ट. मुलंही बाहेर, त्यांच्याबद्दल खाली लिहिते.

चिठ्ठ्यांवर एक आक्षेप हमखास येतो: “म्हणजे आता नावापुरतं एकालाच द्यायचं का?” याला उत्तर असं की एकालाच द्यायचं असल्यामुळे माणूस त्याचा खरोखर विचार करतो. आमच्या दिराला माझ्या सासऱ्यांची चिठ्ठी निघाली. त्याने पंधरा दिवस लक्ष ठेवलं आणि त्याला दिसलं की बाबा पेपर वाचताना खिडकीपाशी सरकत सरकत जातात. त्याने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि नवा चष्मा करून दिला. तोवर दर दिवाळीला बाबांना शर्टाचं कापड मिळत होतं.

काय हवं ते कसं विचारायचं

“तुम्हाला काय हवंय?” असं विचारलं की आपल्याकडे “काही नको रे” हेच उत्तर येतं. त्यामुळे प्रश्न बदला. घरात सध्या काय बिघडलंय? कशाचं झाकण हरवलंय? कोणती गोष्ट शेजारून मागून आणावी लागते? कोणता खर्च पुढे ढकलला जातोय? मिक्सरचं गळकं भांडं, कुकरची रिंग, शिलाई मशीनची दुरुस्ती, चपलेला नवा तळ: या सगळ्या उत्तम भेटी आहेत. दुरुस्ती ही भेट म्हणून द्यायला आपण संकोचतो. संकोचू नका. काकांचा जुना रेडिओ दुरुस्त करून आणला तेव्हा त्यांनी तो दिवसभर उशाशी ठेवला होता.

कपडे द्यायचे असतील तर माप विचारा, गुपित ठेवायच्या नादात अंदाजाने आणू नका. बिल जपून ठेवा आणि अदलाबदलीची मुदत भाऊबीजेनंतरची आहे ना ते दुकानातच विचारून घ्या. वस्तू सदोष निघाली तर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

वस्तूच नको असेल तर नाटकाची तिकिटं द्या. शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन, बालगंधर्व, जे जवळ असेल तिथल्या प्रयोगाची दोन तिकिटं, आणि सोबत नेण्या-आणण्याचं आपण घ्यायचं. नुसती तिकिटं दिली तर म्हातारी माणसं जात नाहीत. एक दिवसाची सहलही स्वस्तात होते: एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे आणि महिलांना निम्मं तिकीट. आम्ही सासूबाईंना आणि आत्यांना त्यांच्या शाळेच्या गावी घेऊन गेलो. बांधायला कागद लागला नाही आणि दोघी अजून त्याच दिवसाबद्दल बोलतात.

दिवाळी अंकांना मी या यादीत फार वरचं स्थान देते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही आपली स्वतःची दिवाळीची भेट आहे. पाच घरांनी पाच वेगवेगळे अंक घ्या, पहिल्या पानावर घरांची नावं लिहा, वाचून झालं की आपल्या नावावर खूण करून पुढे पाठवा. मार्चपर्यंत प्रत्येक घराचे पाचही अंक वाचून होतात.

आणि जे ठामपणे “मला खरंच काही नको” म्हणतात, त्यांच्या नावाने देणगी द्या. महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेची भाऊबीज निधीची परंपरा जुनी आहे. मुलींच्या शिक्षणासाठी भाऊबीज घालायची ही कल्पनाच किती आपली आहे. पण हे त्या माणसाला विचारून करा. परस्पर दिलेली देणगी कधीकधी भेट टाळल्यासारखी वाटते.

मुलांसाठी

मुलांना भेट हवीच असते आणि ती उघडून पाहायची गंमतही हवी असते. त्यांच्याकडून त्याग मागू नका. फक्त सहा मुलांना प्रत्येक घरातून वेगवेगळी खेळणी येणं थांबवा. आम्ही मोठी माणसं प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम एकत्र करतो आणि एका मुलाला एकच मोठी गोष्ट देतो. गेल्या वर्षी एकाला सायकल, एकीला रंगांची चांगली पेटी आणि मोठा कागद, एकाला क्रिकेटची बॅट. जुनी सायकल धाकट्या चुलतभावाकडे गेली, पण नवे ब्रेक आणि नवी घंटा बसवून. ती नुसती ‘उतरलेली’ म्हणून द्यायची नाही. मुलांना ते कळतं.

खेळणं घेताना आयएसआयची खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती बंधनकारक आहे. बॅटरीचं खेळणं असेल तर बॅटरीचं दार स्क्रूने बंद होतं ना ते तपासा. बटणासारखे छोटे सेल लहान मुलाने गिळले तर जिवावर बेतू शकतं. शक्य असेल तिथे बॅटरीशिवायचं घ्या. आमच्या घरात सावंतवाडीच्या चितार आळीतून आणलेली लाकडी भाजी आणि फळं आहेत. माझ्या नणंदेने त्यांच्याशी भातुकली खेळली, आता तिची मुलगी खेळते. केळ्याचा रंग टोकाला उडालाय, एवढंच.

मुलीच्या नावाने काही साठवायचं असेल तर दहा वर्षांखालच्या मुलीसाठी सुकन्या समृद्धीचं खातं पोस्टात उघडता येतं आणि वर्षाला २५० रुपयांपासून भरता येतात. खातं आईवडिलांनी उघडायचं, आपण ओवाळणीची रक्कम त्यांच्याकडे त्यासाठी द्यायची. सोबत मुलीच्या हातात एक छोटी गोष्ट ठेवाच, आठ वर्षांच्या मुलीला पासबुकाचं काय कौतुक.

मिठाई आणि फराळ

मिठाईच्या दुकानात घरचा स्टीलचा डबा घेऊन जा. रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायला सांगा, मग मिठाई भरा. दिवाळीच्या आदल्या दिवशी गर्दीत हे ऐकून घेणार नाहीत, दोन-तीन दिवस आधी सकाळी जा. दुकानाचाच डबा घ्यावा लागला तर साधा पांढरा पुठ्ठ्याचा मागा, आणि मिठाई डब्याशिवाय तोलून घ्या. निव्वळ वजनात खोक्याचं वजन धरायचं नसतं. वरून प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळू देऊ नका. मिठाईच्या डब्यांभोवतीची ती फिल्म १ जुलै २०२२ पासून एकल वापराच्या बंदी घातलेल्या वस्तूंच्या यादीत आहे. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणं दुकानांना १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं आहे, ती वाचा. दुधाची मिठाई आणि तीही चार घरांतून आलेली, म्हणजे तिसऱ्या दिवशी कचऱ्यात.

फराळाची वाटणी करून घ्या. आधी आमच्या चारही घरांत चकली, चिवडा, लाडू, करंज्या सगळं व्हायचं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत डब्यांच्या तळाशी मऊ पडलेला चिवडा राहायचा. आता ज्याचा हात ज्यात चांगला ते त्याने करायचं: चकल्या सासूबाईंच्या, अनारसे आत्यांचे, चिवडा माझा, करंज्या जाऊबाईंच्या. स्टीलच्या डब्यांतून देवाणघेवाण. पूर्वी भांड्यांवर नावं घालून घ्यायचे त्याचं कारण हेच, भांडं फिरून घरी येतं. नाव घालणारा सापडला तर जरूर घालून घ्या, नाहीतर तळाला ऑइलपेंटने एक अक्षर. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली पद्धत आहेच, निदान साखर घालून तरी द्यायचा.

फराळ वर्तमानपत्रात बांधू नका, छपाईची शाई तेलकट पदार्थात उतरते.

बांधणी

आता ते ब्लाउजपीस काढा. साधारण ८० सेंटिमीटर ते एक मीटरचं कापड, चांगल्या रंगाचं, काठाचं. पुस्तक, डबा, शाल, काहीही त्यात बांधता येतं.

कापड जमिनीवर चौकोनी पसरा, उलटी बाजू वर. लांबट असेल तर दुमडून चौकोन करा. वस्तू मधोमध, पण तिरकी ठेवा, म्हणजे वस्तूच्या बाजू कापडाच्या कोपऱ्यांकडे बघतील. समोरासमोरची दोन टोकं वस्तूच्या डोक्यावर आणून बघा: एकमेकांना ओलांडून वीतभर उरली तर कापड पुरेसं आहे. आधी एक टोक वस्तूवरून पलीकडे नेऊन खाली खोचा, मग समोरचं त्यावर. उरलेली दोन टोकं दोन्ही बाजूंनी घट्ट ओढून वर आणा आणि दोनदा गाठ मारा. गाठीची टोकं फुलासारखी उघडून त्यात झेंडूचं एक फूल किंवा आंब्याची डहाळी खोवा. पहिलं बोचकं वेडंवाकडं होतं, तिसरं छान जमतं. आणि उघडल्यावर ते कापड कोणी फेकत नाही. आमचं एक डाळिंबी रंगाचं कापड तेव्हापासून घरातल्या घरात फिरतंय. कोणाकडे पोचलं ते मुलं आधी शोधतात.

कापड नको असेल तर जुन्या कालनिर्णयची पानं. कागद जाड, आकार मोठा. ज्याला द्यायचं त्याच्या वाढदिवसाचा महिना वरच्या बाजूला येईल असं बांधा. ओवाळणीची पाकिटंही त्याचीच करता येतात. चिकटपट्टीऐवजी सुती दोरा वापरला की पान पुढे रद्दीत जातं. बाजारातला जरीचा, चकाकणारा कागद हातात चुरगाळून सोडून बघा. तो परत उलगडला तर त्यात प्लास्टिकचा थर आहे, आणि तो रद्दीत चालत नाही.

एक सावधगिरी. ‘पर्यावरणपूरक’ म्हणून नव्या ज्यूटच्या, खणाच्या पिशव्या डझनाने विकत आणू नका. घरात आधीच चौदा कापडी पिशव्या असतात. जे घरात आहे तेच बांधायला घ्या.

त्या दिवशी आणि नंतर

भाऊबीजेला भेटी उघडायच्या ठिकाणी दोन टोपल्या ठेवा, एक परत वापरायच्या कापड-दोऱ्यांची, एक सुक्या कागदाची. एका मोठ्या मुलाला त्याची जबाबदारी द्या, मुलं ती मनापासून घेतात. फाडलेला कागद ढिगात गेला आणि वर सरबत सांडलं की मग काही वेगळं करता येत नाही.

उरलेला कचरा कोणाच्या तरी हातांनी निवडला जातो, हे घरात सांगा. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली. आपल्याही शहरात हेच काम करणारे हात आहेत. फुटलेली काच, तुटलेल्या दिव्यांची माळ, पणतीचे तुकडे जाड कागदात गुंडाळून, वर लिहून वेगळे द्या.

घरी कामाला येणाऱ्या मावशींना नको असलेल्या मिठाईचे डबे आणि माळ्यावरची कपबशी ‘दिवाळी’ म्हणून देऊ नका. त्यांच्या घरीही डबेच जमलेले असतात. पूर्ण बोनस रोख द्या आणि वस्तू द्यायची तर त्यांनाही तेच विचारा जे आत्यांना विचारलं.

मिळालेली भेट उपयोगाची नसेल तर आमच्याकडे आता सांगायची मुभा आहे: आठवडाभरात देणाऱ्याला सांगायचं, त्याने मनाला लावून घ्यायचं नाही, आणि वस्तू ज्याला लागेल त्याच्याकडे देणाऱ्याच्याच हाताने जाते. हा नियम रुळायला दोन वर्षं लागली. पहिल्यांदा सांगितलं ते आत्यांनीच, जाऊबाईंनी आणलेल्या फुलदाणीबद्दल, आणि सांगताना त्यांनी जाऊबाईंचा हात हातात धरला होता. संक्रांतीच्या वाणालाही मग आपोआप प्लास्टिकच्या डब्या-चाळण्यांऐवजी तीळ, गूळ, हळद, तांदूळ असं संपणारं काहीतरी येऊ लागलं.

तुळशीच्या लग्नाच्या आत एक वही करा. कोणाला काय दिलं, कोण काय वापरतंय, चपलेचा नंबर, ब्लाउजचं माप, कोणाला कोणत्या वासाचा त्रास होतो, कोणाच्या घरी गाळणी फाटलीय. वर्षभर कानावर पडेल ते लिहीत जा. आमच्या वहीत कालच सासूबाईंनी माझ्या हातून लिहवून घेतलं: आत्यांची किसणी बोथट झालीय, मोठ्या दातांची हवी.